विमानतळाच्या कुंपणाशेजारची शाळा

आपल्या शाळेचा इतिहास लिहायचा तर सुरुवात शाळेपासून करता येत नाही, विमानतळापासूनच करावी लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, मुंबईला हवाई संरक्षण देण्यासाठी ब्रिटिशांनी पुण्याच्या ईशान्येला हा तळ उभारला. तोवर लोहगावची ओळख होती ती तुकोबांचे आजोळ म्हणून. त्यांची कीर्तने इथे होत, असे वारकरी परंपरा सांगते. (हवाई दलाच्या इंग्रजी कागदांत गावाचे नाव 'लोहेगाव' आहे. आपण मात्र लोहगावच म्हणणार.)

युद्धकाळात इथून वेलिंग्टन, मॉस्किटो, स्पिटफायर ही विमाने उडाली. मे १९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाच्या ताब्यात आला.

या तळाचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे १८ डिसेंबर १९६१. गोवा मुक्तीच्या कारवाईत त्या सकाळी विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमाने लोहगावहून निघाली आणि त्यांनी दाभोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. धावपट्टी उखडायची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. तरीही पोर्तुगीजांनी रातोरात डागडुजी केली आणि त्यांची दोन प्रवासी विमाने अंधारात निसटून कराचीला पोचली. विजयाच्या गोष्टीत हा भाग सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. पुढच्या काळात याच धावपट्टीवरून गोव्याला सुट्टीसाठी जाणारी प्रवासी विमाने उडू लागली.

आपली बॅच दहावीला होती तेव्हा, डिसेंबर १९८७ मध्ये, मिग-२९ विमाने इथे रीतसर हवाई दलात दाखल झाली. त्या वर्षी गणिताच्या तासाला सर फळ्याकडे तोंड करून गप्प उभे राहायचे, आवाज ओसरला की अर्धे राहिलेले वाक्य पुरे करायचे. कानांवर हात ठेवणारा मुलगा नवीन आलेला आहे, हे सगळ्यांना लगेच कळायचे. पुढे १९९७ मध्ये सुखोई-३० आले, २००२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. २००६ मध्ये डॉ. कलाम आणि २००९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती असताना इथूनच सुखोईतून उड्डाण केले.

विमानांची नोंद अशी व्यवस्थित आहे. माणसांची नाही.

शाळेत तीन तऱ्हांची मुले होती. गावातली, शेतकऱ्यांची. तळावर नाहीतर हवाई दलाच्या डेपोत नोकरी करणाऱ्या सिव्हिलियन कामगारांची. आणि सातारा, सांगली, नगरकडच्या जवानांची, जी क्वार्टरमधून यायची. या तिसऱ्या मुलांचा आपल्याला हेवा वाटे: त्यांना कँटीनच्या वस्तू मिळत, मैदानावरच्या पडद्यावर सिनेमा बघायला मिळे. पण दोन-तीन वर्षांत वडिलांची बदली व्हायची, काळ्या लोखंडी पेट्यांवर पांढऱ्या रंगात नाव-नंबर पडायचा आणि एका सोमवारी बाक रिकामा दिसायचा. ती आदमपूर, तेजपूर, जामनगर अशी नावे सहज घेत. आपला भूगोल त्यांच्या बदल्यांमुळेच पक्का झाला.

गावातल्या मुलांचे या तळाशी नाते वेगळे होते. जिथे धावपट्टी आहे तिथे कुणाच्या तरी आज्या-पणज्याची ज्वारी होती. तळाच्या हद्दीपासून १०० मीटर आणि दारूगोळ्याच्या कोठारापासून ९०० मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध आले, त्याचा भुर्दंड लोहगाव-धानोरीच्या लोकांनी सोसला. सातबारा आपला, पण वर खोली चढवता येत नाही. सुरक्षेचे कारण खरे आहे आणि अडचणही तितकीच खरी आहे. दोन्ही बाजूंची मुले मात्र एकाच बाकावर बसून डबा खात होती, आणि हा विषय वर्गात कधी निघाल्याचे मला आठवत नाही.

मेळाव्यासाठी यादी करताना आम्ही दहावीच्या निकालपत्रावरून नावे घेतली, आणि मग लक्षात आले की पाचवी ते नववीत दाखला घेऊन गेलेले एकही नाव तिच्यात नाही. जनरल रजिस्टरात ती सगळी आहेत. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचे कारण लिहिले आहे: 'वडिलांची बदली'. पानामागून पाने तेच कारण, तीन-चार वेगवेगळ्या अक्षरांत.

ती नावे आता उतरवून काढायला घेतली आहेत. तुमच्या बाकावरचा कोणी आठवत असेल तर आडनाव, वर्ष आणि पुढे कुठे बदली झाली एवढे कळवा. टोपणनाव आठवत असेल तर तेही चालेल.