हजीऱ्याच्या उत्तरेचे गुर्जर: राजकुळ, वंश आणि कुळी

तापीच्या मुखाशी वसलेले हजीरा प्राचीन लाट देशात मोडत असले, तरी सातव्या शतकात भृगुकच्छ म्हणजे आजच्या भरुच परिसरावर राज्य करणाऱ्या गुर्जर घराण्याची सत्ता साधारणपणे किम नदीपर्यंतच होती आणि तापीकाठचा प्रदेश पुढे नवसारीच्या चालुक्यांकडे गेला. तरीही या घराण्याचा एक अत्यंत मोलाचा ताम्रपट हजीऱ्याच्या दक्षिणेस नवसारी येथेच सापडला. तिसऱ्या जयभटाच्या या इ. स. ७०६ मधील दानपत्रात त्याचा पूर्वज दुसरा दद्द याने सम्राट हर्षाने जेरीस आणलेल्या वलभीच्या राजाला आश्रय दिल्याचा अभिमानाने उल्लेख आहे.

वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी संवताचे लेख संपादित करताना या घराण्याचे ताम्रपटही एकत्र आणले आणि ते क्रमाने वाचले असता एक लक्षणीय बदल दिसतो. खेडा येथे सापडलेल्या इ. स. ६२९च्या पटात, ज्यात अक्रूरेश्वर म्हणजे अंकलेश्वर विषयातील, अर्थात जिल्ह्यातील, एक गाव ब्राह्मणांना दान दिले आहे, हे घराणे स्वतःला सरळ गुर्जर राजवंशाचे म्हणवते. पुढच्या पिढ्यांच्या पटांत मात्र गुर्जर हे नाव मागे पडते आणि महाभारतातील कर्ण मूळपुरुष ठरतो. पंचमहाशब्द, म्हणजे पाच मंगलवाद्ये वाजवून घेण्याचा सामंतांचा मान, मिळालेल्या या राजांना आता जमातीच्या नावापेक्षा पुराणप्रसिद्ध वंश अधिक शोभणारा वाटला असावा. वंशावळ ही रक्ताइतकीच प्रतिष्ठेचीही नोंद असते, हे येथे जितके उघड दिसते तितके क्वचितच दिसते.

नाव मात्र राजवाड्यापुरते नव्हते. अलवरजवळील राजोरच्या दहाव्या शतकातील लेखात मथनदेव स्वतःला गुर्जर-प्रतिहार कुळाचा म्हणवतो आणि त्याच लेखात शेते कसणारे गुर्जरही येतात. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी गुर्जरांना बाहेरून आलेले मानले, तर चिंतामण विनायक वैद्यांनी ते मत खोडून काढले. परंतु या वादात मुख्यतः राजवंशांची चर्चा झाली आणि कुळवाडी गुर्जर बरेचसे दुर्लक्षित राहिले, ही मोठी उणीव होय. उत्तरेत चेची, कसाना, खटाना, भडाना अशी त्यांची गोत्रे, म्हणजे ज्यांच्यात कुळातल्या कुळात सोयरीक होत नाही अशी कुळे, आजही टिकून आहेत. तापीच्याच खोऱ्यात वर खानदेशात रेवे आणि दोरे गुजर पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आले असून, त्यांपैकी रेव्यांचे नाव रेवा म्हणजे नर्मदेशी जोडले जाते.