दख्खनी मेंढी आणि दख्खनचे ऊन



पुण्यात इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, लढाया आणि खलिते उभे राहतात. आजचा विषय मात्र मेंढीचा आहे. दख्खनच्या पठारावरील ऊन या मुक्या जनावराने कसे सोसले, ते सोसता यावे म्हणून मेंढपाळाने काय केले, आणि राज्यकर्त्यांनी तिला सुधारण्याचे जे प्रयत्न केले ते का फसले, एवढाच आजचा प्रश्न. प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या पोटात या प्रदेशाचा तीन हजार वर्षांचा इतिहास आहे.

आरंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करू. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी १४०० ते १००० या काळात तेथे नांदती शेतकरी वस्ती होती. पुढच्या तीन शतकांत मात्र चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि शेती उतरणीस लागली. पाऊसमान घटल्यामुळे लोक भटक्या पशुपालनाकडे, शेळ्यामेंढ्यांकडे, वळले असा उलगडा डॉ. मधुकर ढवळीकर यांनी केला. या उलगड्यातील तपशिलावर विद्वानांत मतभेद होऊ शकतील. परंतु शेतीने हात टेकले की मेंढीने माणसाला हात द्यावयाचा, ही या भूमीची रीत फार जुनी आहे हे त्यावरून ध्यानात येते.

आता मेंढीच्या देहाकडे वळू. मेंढीच्या शरीराचे उष्णमान सुमारे ३९ अंश असते आणि ते तेथेच राखणे तिला भाग असते. माणसाला घाम फुटतो आणि तो निवतो. मेंढीला घामाचा आधार थोडा; तिची खरी भिस्त श्वासावर. सावलीत शांत उभ्या असलेल्या मेंढीचा श्वास मिनिटाला वीस-तीस वेळा चालतो. कडक उन्हात तो शंभराच्याही पुढे जातो. प्रत्येक श्वासाबरोबर नाकातोंडातील ओलावा उडतो आणि रक्त निवते. पण या धापांना श्रम पडतात आणि पाणी खर्ची पडते.

शिवाय मेंढी राहते जमिनीलगत. १९३२ साली पुण्यात हवामानखात्याचा कृषिविभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या हवेच्या थरांचा जो अभ्यास केला त्याची वाखाणणी जगभर झाली. वर्तमानपत्रात छापले जाते ते सावलीतील उष्णमान. ते चाळीस असते तेव्हा उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे तापलेला असतो. मेंढीचे पोट त्या भट्टीपासून अवघे हातभर वर! भर दुपारी कळपातील मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभ्या राहतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तो मूर्खपणा नव्हे. एकमेकींच्या सावलीत डोके निववण्याची ती युक्ती आहे.

येथे कोणी विचारील, अंगावर लोकर असताना मेंढीला अधिकच उकडत नसेल काय? लोकर जशी थंडी अडवते तशीच उन्हाची झळही अडवते. ऑस्ट्रेलियात केलेल्या मोजणीत लोकरीचे वरचे टोक ऐंशी अंशांच्या पुढे तापलेले असतानाही आतील कातडी त्याच्या निम्म्याच्या आसपास आढळली. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, केसाळ आणि विरळ. वारा आतपर्यंत खेळतो आणि वर्षातून दोनदा कातरल्यामुळे ती दाट साचत नाही. मेंढी बहुधा काळी, अंगाने आटोपशीर, पायाने चिवट. लोणंदी, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे पोटभेद लोक ओळखतात.

परंतु केवळ अंगच्या गुणावर मेंढी जगली असे मानणे ही अर्धी गोष्ट झाली. दुसरी अर्धी गोष्ट चाऱ्याची आहे.

रवंथ करणाऱ्या जनावराचे कोठीपोट म्हणजे अखंड आंबणारा रांजण. चारा तेथे कुजतो, आणि कुजताना ऊब निर्माण होते. चारा जितका वाळका व धागेदार, तितके पोषण कमी आणि ऊब जास्त. म्हणजे वैशाखात मेंढीला बाहेरून सूर्य तापवतो आणि आतून वाळलेले गवत. मग ती साहजिकच खाणे कमी करते, आणि खाणे कमी झाले की दूध आटते, कोकरू खंगते. उन्हाने मेंढी मेली असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती उन्हामुळे आलेल्या उपासाने मेलेली असते. तीस किलो वजनाच्या दख्खनी मेंढीला दिवसाला सुमारे एक किलो कोरडा चारा लागतो. तो कोणता, कोणत्या प्रहरी आणि कोठे मिळतो, यावर तिचे उन्हातले जगणे ठरते.

धनगराची सारी विद्या या तीन प्रश्नांभोवती फिरते. उन्हाळ्यात तो पहाटेच कळप बाहेर काढतो, दुपारी पाण्याजवळच्या झाडाखाली बसवतो आणि ऊन कलल्यावर पुन्हा चरायला सोडतो. पोटात चारा आंबून जी ऊब वाढते, तिचा मोठा भाग त्यामुळे गार वेळी पडतो. गवत संपले की तो बाभळीच्या शेंगा झोडतो, बोर व हिवर यांचा पाला छाटून घालतो. शेंगांत नत्रयुक्त पोषण भरपूर; मेंढीच्या वैशाखातील अंगावर त्या शेंगांचे उपकार आहेत. शास्त्रज्ञांनी कोठीपोटाचे गणित मांडले ते विसाव्या शतकात. धनगराने ते प्रयोगाने, आणि पुष्कळ मेंढ्या गमावून, पूर्वीच शिकून घेतले होते.

राहिला तिसरा प्रश्न: कोठे? महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस शे-सव्वाशे किलोमीटरवरील माणदेशात पाचशेही धड पडत नाही. या उतारावरच धनगराचे वर्ष बेतलेले आहे. पावसाळ्यात कळप माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर अशा कोरड्या मुलखात राहतात, कारण मेंढीला उन्हाहूनही चिखलाचे भय अधिक. ओल्या जमिनीत खुरे बिघडतात आणि पोटात जंत होतात. दसरा-दिवाळी झाली की वाडे निघतात. घोड्यांवर संसार, वाघरीचे गुंडाळे आणि चालू न शकणारी कोकरे. कोणी घाट उतरून कोकणात जातात, कोणी नद्यांच्या काठच्या कापलेल्या रानांत. रात्री मेंढ्या शेतात बसतात, शेतकऱ्याला खत मिळते आणि धनगराला धान्य. मृगाच्या सुमारास परत घर. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने पुण्यास राहून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. ही दैवते मुख्यतः कोरड्या प्रदेशातील पशुपालकांच्या वाटांवर वसलेली आहेत हे त्यात दिसते. देवळांचा नकाशा आणि चाऱ्याचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहावा!

इंग्रजी अमदानी आली आणि मेंढीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. मुंबई सरकारचे अधिकारी कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ साली प्रसिद्ध केली. कळपांच्या मागावर फिरणाऱ्या आपल्या माळरानच्या लांडग्याला शास्त्रीय नाव दिले ते त्यांनीच. त्याच दशकात विलायतेच्या गिरण्यांना मऊ लोकर हवी होती, म्हणून कंपनी सरकारने दख्खनमध्ये परदेशी एडके आणून जात सुधारण्याचा घाट घातला. तो टिकला नाही. विसाव्या शतकात पुण्याच्या सरकारी मेंढी केंद्रात व नंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठात मेरिनो आणि रॅम्बुले जातींचे संकर झाले. लोकर खरोखरच सुधारली. दख्खनी मेंढी वर्षाला अर्धा-पाऊण किलो भरड लोकर देते, मेरिनो चार-पाच किलो मऊ. तेव्हा मोह पडला यात नवल नाही.

पण गावोगावच्या वाड्यांत हा संकर रुजला नाही. केंद्रात चारा दारात येत होता, डोक्यावर छप्पर होते. वाड्यातील मेंढीला रोज दहा-पंधरा किलोमीटर चालून, काट्याकुट्यांतून, मिळेल तो पाला खाऊन जगायचे होते. मोठ्या अंगाला चाराही मोठा लागतो; शिवाय अंग तापले की एडक्याचे बीज काही आठवडे निकामी होते. मेंढी पारखली गेली लोकरीच्या तागडीत. तिची परीक्षा व्हावयाची होती वैशाखातल्या वाटेवर. धनगराने सरकारी एडका नाकारला तेव्हा त्याला अडाणी म्हणणारे पुष्कळ निघाले. वस्तुतः त्याने अधिक अवघड हिशेब केला होता.

या इतिहासाला एक मनोरम वळण फलटणला मिळाले. तेथे बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली कृषी संशोधन संस्था स्थापन केली. या संस्थेने दख्खनी मेंढीचा देह तसाच ठेवून तिच्यात एकच गुण आणण्याचे ठरविले: जुळी कोकरे देण्याचा. तो गुण सुंदरबनातील गारोळ या चिमुकल्या मेंढीकडून घेतला आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी सिद्ध झाली. गंमत अशी की, ऑस्ट्रेलियातील एका नामांकित मेरिनो घराण्यातला जुळ्यांचा गुणही १७९० च्या दशकात बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांकडून आला असे मानले जाते. ज्या मेरिनोसाठी आपण समुद्रापार पाहत होतो, तिच्या घरात आपलीच ठेव होती! मात्र जुळी झाली की आईला चारा अधिक हवा. म्हणजे फिरून प्रश्न चाऱ्यापाशीच येतो.

आणि तो आज बिकट झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचे कालवे आले तेव्हापासून बारामती-इंदापूरकडची बरीच कोरडी राने उसाखाली गेली. माळरानाला सरकारी दप्तरात पडीक म्हणण्याची सवय, म्हणून तेथे कारखाने, वसाहती, खड्डे खणून लावलेली झाडे. पुणे शहर स्वतःच जुन्या वाटांवर पसरले आहे. घोंगडीचा खप उतरला, लोकरीला भाव राहिला नाही. कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नाही. १९७८ साली स्थापन झालेल्या राज्याच्या शेळी-मेंढी विकास महामंडळाचे मुख्य ठाणे आपल्या गोखलेनगरातच आहे. तेथून एडके वाटले जातील, औषधे मिळतील. परंतु एडक्याबरोबर वाट देता येत नाही.

हवा तापत चालली आहे, आणि उन्हाला तोंड देणारी जनावरे हवीत अशी मागणी जगभर होत आहे. असे जनावर आपल्या पठारावर पूर्वीपासून आहे. त्याची सोशिकता रक्तात आहे हे खरे, पण तितकीच ती पहाटेच्या चराईत, बाभळीच्या शेंगेत आणि घाटापर्यंत मोकळ्या राहिलेल्या वाटेत आहे. मेंढी जतन करावयाची तर माळ, झाडे आणि वाटा या तिन्हींची नोंद गावाच्या नकाशावर झाली पाहिजे, आणि ‘पडीक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी त्या जमिनीवर कोण चरते हे एकदा तरी विचारले पाहिजे. शहरातील नागरिकांनी हा प्रश्न आपला मानला, तर आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.