इगर्ज : एका शब्दाची कुळकथा



ज्या वास्तूचा आपण महोत्सव करीत आहोंत, तिला कोणी चर्च म्हणतो, कोणी देऊळ, तर कांहीं वडीलधारीं माणसें इगर्ज म्हणतात. या शेवटल्या शब्दाची कुळकथा सांगण्याजोगी आहे.

इगर्ज हें पोर्तुगीज ‘इग्रेजा’चें रूप; तो शब्द लॅटिन ‘एक्लेसिया’पासून झाला, व लॅटिननें तो ग्रीकांकडून घेतला. मूळ ग्रीक शब्दाचा इमारतीशीं कांहीं संबंध नव्हता. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत अथेन्सचे नागरिक प्निक्स टेकडीवर उघड्या आभाळाखालीं जमून युद्धाचे व कायद्यांचे निर्णय करीत. त्या सभेचें नांव एक्लेसिया. पुढें यहुदी पंडितांनीं आपला धर्मग्रंथ ग्रीक भाषेंत उतरविला, तेव्हां इस्राएलच्या जनसमुदायाला लाविलेल्या ‘काहाल’ या इब्री शब्दासाठीं त्यांनीं अनेक ठिकाणीं हाच शब्द योजिला. संत पौलाच्या पत्रांतहि तो माणसांनाच लागू आहे, कारण त्या काळीं भाविक एकमेकांच्या घरीं जमत. ३१३ सालीं कॉन्स्टंटाइन बादशहानें मोकळीक दिल्यावर भव्य वास्तू उठल्या, आणि सभेचें नांव भिंतींना चिकटलें.

उत्तरेकडील लोकांनीं निराळाच ग्रीक शब्द उचलला : ‘किरिआकोन’, म्हणजे प्रभूचें. इंग्रजांचें चर्च, स्कॉटलंडचें कर्क व रशियनांचें त्सेर्कोव्ह हीं त्याचींच लेंकरें. पोलंडची तऱ्हा आणखी वेगळी. तेथील ‘कोश्चूव’ लॅटिनमधील किल्ल्याच्या नांवावरून निघाला. अरबांच्या ‘कनीसा’चें मूळ मात्र ‘जमणें’ अशा अर्थाच्या अरामी धातूंत आहे. कुळ परकें, पण अर्थ ग्रीकांचाच!

पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर इग्रेजा पूर्वेकडे आली. मलय भाषेंत ती गरेजा झाली, हिंदी-उर्दूंत गिरजा. या गिरजाला कोणी गिरिजेशीं, म्हणजे पार्वतीशीं, जोडूं पाहतात. नाद जुळतो, नातें नाहीं.

आपल्या उपासनेंतील ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द मला या सर्वांहून प्रिय आहे, कारण त्यांत माणसें परत आलीं. महोत्सवाच्या अंकांत छपराचा व घंटेचा हिशेब येतो, तो यावाच; पण भिंतींचें वय म्हणजे सभेचें वय नव्हे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसईचा कोट घेतला. पोर्तुगीज निघून गेले. कोटांतील फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व जेज्विट संघांचीं मंदिरें ओस पडलीं, आणि आज तेथें भग्न भिंती उभ्या आहेत. भोंवतालच्या गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें मात्र राहिलीं. त्यांच्याच भूमींत १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला.