सरावाचे उदाहरण (वाणिज्य शिक्षण)

लेखाशास्त्र, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र या विषयांत आकडे व अटी देऊन विद्यार्थ्याकडून कागदावर सोडवून घेतला जाणारा प्रश्न. महाराष्ट्रात अकरावी-बारावीपासून बी. कॉम.पर्यंत विद्यार्थी त्याला ‘सम’, ‘प्रॉब्लेम’ किंवा सरळ ‘गणित’ म्हणतात. मात्र गणिताच्या तासाला सोडवतात त्या उदाहरणाहून हे वेगळे असते. संख्याशास्त्र सोडले तर येथे बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारी यांपलीकडची आकडेमोड क्वचितच लागते. कस लागतो तो कोणता आकडा कोठे न्यायचा, कोणता सोडायचा आणि एकच आकडा दोनदा तर मोजला जात नाही ना, हे ठरवताना. उदाहरण चांगले की वाईट हे त्यामुळे त्याच्या लांबीवरून ठरत नाही. सोडवणाऱ्याला त्यात निदान एकदा तरी थांबून विचार करावा लागतो का, यावरून ते ठरते.

दुहेरी नोंद पद्धतीचे पहिले छापील विवरण लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. भारतात वाणिज्य शिक्षण महाविद्यालयीन पातळीवर आले ते विसाव्या शतकात. मुंबईत १९१३ मध्ये सुरू झालेले सिडनहॅम महाविद्यालय हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाची स्थापना १९४३ मधली. पेढीवरच्या देशी वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असे. महाविद्यालयात शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीत बाजू उलट असल्याने घरी वही पाहिलेल्या मुलाला पहिले धडे अधिक अवघड जात. जुनी उदाहरणे रुपये-आणे-पैत असत. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा धरून व्याज काढणे हीच मोठी मेहनत होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आल्यावर तो भार उतरला.

लेखाशास्त्रातील सर्वांत परिचित उदाहरण अंतिम खात्यांचे. तेरीज दिलेली असते, खाली सात-आठ समायोजना असतात, आणि त्यांवरून व्यापार खाते, नफातोटा खाते व ताळेबंद तयार करायचा असतो. तेरजेतली बाब एका ठिकाणी जाते, समायोजनेचा परिणाम दोन ठिकाणी होतो, हा नियम पहिल्याच आठवड्यात पाठ होतो. खरी परीक्षा बुडीत कर्जाच्या समायोजनेत. समजा, तेरजेत ऋणको ६०,००० रुपये, बुडीत कर्ज १,२०० रुपये आणि संशयित कर्जासाठीचा जुना निधी २,००० रुपये आहे. समायोजनेत सांगितले आहे की आणखी २,००० रुपये बुडीत म्हणून काढून टाका आणि उरलेल्या ऋणकोंवर ५ टक्के निधी ठेवा. ऋणको ५८,००० उरतात, त्यांवर नवा निधी २,९०० रुपये. नफातोटा खात्याला जुने बुडीत १,२००, नवे बुडीत २,००० आणि नवा निधी २,९०० असे ६,१०० रुपये जातात. त्यांतून जुना निधी २,००० वजा होऊन निव्वळ भार ४,१०० रुपयांचा राहतो. ताळेबंदात ऋणको ५५,१०० रुपये दिसतात.

या एवढ्याशा जागेत चुकण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. सर्वांत सामान्य चूक म्हणजे तेरजेतले १,२०० रुपयेही ऋणकोंतून पुन्हा वजा करणे. ते बुडीत आधीच काढून टाकलेले आहे, म्हणून तर ते तेरजेत स्वतंत्र खाते होऊन बसले आहे. हे ज्याला उमगले त्याला तेरीज म्हणजे काय हे कळले. दुसरी चूक म्हणजे ५ टक्के ६०,००० वर काढणे. बुडालेल्या रकमेवर पुन्हा बुडण्याची शंका धरता येत नाही, ही साधी व्यवहारबुद्धी तेथे तपासली जाते. वर्गात शिक्षक हा क्रम खातावार मांडून दाखवतात तेव्हा विद्यार्थी तो नक्कल करून घेतात आणि पुढच्या उदाहरणात जुना निधी बुडीत कर्ज आणि नवा निधी यांच्या बेरजेहून मोठा आला की अडतात. उरलेली रक्कम त्या वेळी नफातोटा खात्याच्या जमा बाजूला जाते, आणि नमुना पाठ केलेल्याला ही बाजू कधी भेटलेलीच नसते.

भागीदारीच्या उदाहरणांत कायदा आकड्यांच्या आड बसलेला असतो. करार नसेल तर नफा समान वाटायचा, भांडवलावर व्याज द्यायचे नाही आणि भागीदाराने दिलेल्या कर्जावर ६ टक्के व्याज द्यायचे, या तरतुदी १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यातल्या आहेत. ‘करारपत्र नाही’ एवढे दोन शब्द प्रश्नात असले की सगळे उत्तर बदलते. भागीदारी विसर्जनाच्या प्रकरणात तर एका इंग्रजी खटल्याचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते. गार्नर विरुद्ध मरे या १९०४ च्या खटल्यात तीन भागीदारांपैकी एक दिवाळखोर निघाला. तिघांचे नफातोट्याचे प्रमाण समान होते, भांडवल मात्र असमान. दिवाळखोराची तूट उरलेल्या दोघांनी भांडवलाच्या प्रमाणात सोसावी, असा या निकालाचा अर्थ पाठ्यपुस्तकांत घेतला जातो. ज्याचे भांडवल जास्त त्याने जास्त तूट का सोसावी, हा प्रश्न वर्गात हमखास निघतो आणि निघावाही. तेथे उदाहरण क्षणभर न्यायाचा प्रश्न होते.

कायदा व व्यवहार बदलले की उदाहरणेही बदलतात. एके काळी दिवाळी ते दिवाळी किंवा डिसेंबरअखेर संपणारी हिशेबाची वर्षे पुस्तकांत सर्रास आढळत. प्राप्तिकरासाठी ३१ मार्च ही एकच तारीख ठरल्यानंतर ती मागे पडली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्याने साध्या खरेदीच्या रोजकीर्द नोंदीतही केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा दाखवावा लागतो.

अर्थशास्त्रात आकड्यांची उदाहरणे कमी, पण त्यांतले मागणीच्या लवचीकतेचे उदाहरण शिकवण्याच्या दृष्टीने अव्वल आहे. अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथातून ही संकल्पना रूढ केली. कांद्याचा भाव किलोला ४० रुपयांवरून ५० झाला आणि एका दुकानातली रोजची विक्री १०० किलोंवरून ८० वर आली असे धरू. भाव २५ टक्के वाढला, मागणी २० टक्के घटली, लवचीकता ०.८. म्हणजे मागणी कमी लवचीक. आता भाव ५० वरून पुन्हा ४० वर आला आणि विक्री ८० वरून १०० झाली. भावातली घट २० टक्के, मागणीतली वाढ २५ टक्के, लवचीकता १.२५. म्हणजे मागणी जास्त लवचीक. तेच दुकान, तेच दोन भाव, आणि निष्कर्ष परस्परविरुद्ध! विद्यार्थ्याचे काहीच चुकलेले नसते. टक्केवारी कोणत्या पायावर काढली एवढाच फरक असतो. दोन्ही टोकांची सरासरी पाया धरली (भाव ४५, विक्री ९०) तर लवचीकता बरोबर १ येते. एकूण खर्चाची कसोटीही तेच सांगते, कारण ग्राहकांचा खर्च दोन्ही वेळा ४,००० रुपयेच आहे. पुष्कळ पुस्तकांत यांतला पहिलाच अर्धा भाग छापलेला असतो. उलटा प्रवास करून पाहायला सांगितला नाही, तर या उदाहरणाचा निम्मा उपयोग वाया जातो.

संख्याशास्त्रातील सरावावर हातमोजणीच्या काळाची छाप अजून आहे. गृहीत माध्य आणि पायरी विचलन या रीती मोठे गुणाकार टाळण्यासाठी निघाल्या. आज गणकयंत्र हाताशी असताना त्यांवर खर्च होणारे तास कमी करायला हवेत. त्याऐवजी खरी आकडेवारी हाताळायला द्यावी. याचा उत्तम नमुना लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी १८९८ मध्ये दिला. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने दगावलेल्या सैनिकांची २० वर्षांची नोंद त्यांनी घेतली. पाठ्यपुस्तकांत सहसा दहा तुकड्यांची आकडेवारी येते. दहा तुकड्या आणि २० वर्षे मिळून २०० नोंदी होतात. त्यांपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीन नोंदींत तीन आणि एका नोंदीत चार. एकूण मृत्यू १२२, माध्य ०.६१. हा माध्य घेऊन प्वासाँ वितरणाने अपेक्षित संख्या काढल्या तर शून्य मृत्यूंच्या सुमारे १०८.७ आणि एका मृत्यूच्या सुमारे ६६.३ नोंदी येतात. प्रत्यक्ष आकड्यांशी हे इतके जुळते की सूत्राविषयी वर्गाला पुढे वेगळे पटवावे लागत नाही. मूळ नोंदीत १४ तुकड्या होत्या आणि इतरांहून वेगळ्या असलेल्या चार येथे वगळलेल्या आहेत. हेही सांगितले पाहिजे, कारण काय वगळले आणि का वगळले हा संख्याशास्त्राचाच विषय आहे.

सूत्रावर विसंबून राहण्याचा धोका दाखवण्यासाठी फ्रान्सिस ॲन्स्कम यांनी १९७३ मध्ये मुद्दाम चार आकडेसंच रचले. प्रत्येकात ११ जोड्या. चारही संचांत पहिल्या चलाचा माध्य ९, दुसऱ्याचा जवळजवळ ७.५ आणि सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२ येतो. आलेख काढला की एक संच साधारण रेषेत दिसतो, दुसरा वक्र. तिसऱ्यात एकच बिंदू रेषेपासून दूर पडलेला असतो. चौथ्यात एक बिंदू सोडून बाकीचे सगळे एकाच उभ्या रेषेवर असतात. सहसंबंधाचे गणित सोडवण्याआधी आलेख काढायची सवय लावणारे याहून चांगले साधन नाही.

परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. ताळेबंद जुळला नाही तरी मांडणीचे आणि बरोबर समायोजनांचे गुण मिळतात, ही पद्धत न्याय्य आहे. बहुपर्यायी प्रश्नांत ती सोय नसते, आणि वर दिलेले बुडीत कर्जाचे उदाहरण तेथे ‘४,१००’ या एका आकड्यापुरते उरते. पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापण्याची पद्धत उपयुक्त आहे, पण तिचा दुरुपयोगही सर्वत्र होतो. छापील बेरजेशी जुळवण्यासाठी एखादी रक्कम कोठेतरी घुसवून ताळेबंद ‘टॅली’ केला जातो.

चूक दुरुस्तीच्या प्रकरणाला या दृष्टीने मोठे महत्त्व द्यायला हवे. तेरजेतला फरक ९ ने भागला गेला तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. ५४० ऐवजी ४५० लिहिले की फरक ९० येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. कारकुनांच्या पिढ्यांनी जपलेल्या या युक्त्या संगणकावर आता फारशा लागत नाहीत, कारण दोन्ही बाजू समान असल्याशिवाय हिशेबाची प्रणाली नोंद स्वीकारत नाही. यंत्राच्या दुरुस्तीचे १२,००० रुपये यंत्राच्याच खात्यात टाकले तर मात्र ती निमूटपणे घेते. त्यावर १० टक्के घसारा धरला जातो, नफा १०,८०० रुपयांनी जास्त दिसतो आणि तेरीज जुळलेली असते. अशी जुळलेली तेरीज हातात देऊन चूक शोधायला सांगणारी उदाहरणे पुस्तकांत थोडी आहेत. ती वाढवावीत.