चिंचोके, कवड्या आणि लाखेच्या चकत्या

गेल्या दसऱ्याला माझा पुण्याचा भाचा सोने द्यायला आला, तो सोने देऊन होताच फोन काढून माझ्यासमोर बसला. दिवाळीत घरच्या घरी पोकर खेळायचे त्याने ठरवले होते आणि त्यासाठी चकत्यांचा, म्हणजे त्याच्या भाषेत ‘चिप्स’चा, एक संच घ्यायचा होता. “मामा, तुम्ही इतिहास शिकवता. यातला कोणता घेऊ?” इतिहासाच्या मास्तराला असला प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता! पण चित्रे पाहता पाहता मला आमच्या आजीचा चिंचोक्यांचा बटवा आठवला.

आमच्या घरी पाडव्याच्या रात्री तीनपत्तीचा डाव बसे. पैसे मांडायचे नाहीत, हा आजोबांचा दंडक. म्हणून पेढी आजीकडे. प्रत्येकाने तिच्याकडे रोकड द्यायची आणि दहा पैशांना एक याप्रमाणे चिंचोके घ्यायचे. मी चौथीत असतानाची गोष्ट. आजीने मोजून दोनशे चिंचोके वाटले होते. डाव मोडला तेव्हा परत आले दोनशे सव्वीस! आमच्या एका दूरच्या काकांची स्वयंपाकघरातली ये-जा त्या रात्री जरा जास्तच झाली होती, एवढेच सांगतो. आजीने कोणालाही न बोलता वरचे दोन रुपये साठ पैसे पदरचे भरले. पुढच्या वर्षी मात्र तिने प्रत्येक चिंचोका एका बाजूने दगडावर घासून पांढरा केला आणि त्यावर अळित्याचे बोट टेकवले. त्यानंतर हिशेब कधी चुकला नाही.

आजीला ठाऊक नव्हते, पण अमेरिकेतल्या जुगारखान्यांचा सगळा इतिहास तिने त्या दोन दिवाळ्यांत उरकला होता.

पोकर हा खेळ वाढला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, न्यू ऑर्लिन्स शहरात आणि मिसिसिपी नदीच्या आगबोटींवर. तेव्हा तो वीसच पानांनी खेळत. बावन्न पानांचा जोड मागाहून आला. 1849 च्या सुमारास सोन्यासाठी कॅलिफोर्नियाकडे माणसांची रीघ लागली. तिथल्या टेबलांवर नाणी पडत, सोन्याचे खडे पडत, चिमटीने मोजलेली सोन्याची भुकटीही पडे. आता भुकटीचा डाव म्हणजे दर हाताला तराजू! शिवाय बोटांना चिकटेल ते कोणाचे, हा तंटा वेगळाच. त्यावर तोड म्हणून हाडाच्या, लाकडाच्या, हस्तिदंताच्या चकत्या आल्या. पण साधी हाडाची चकती कोणालाही करता येते. बाहेरून खिशात घालून आणलेल्या चकत्या टेबलावरच्या चकत्यांत मिसळू लागल्या आणि गुत्तेवाल्यांना, आमच्या आजीसारखेच, पदरचे भरावे लागले.

मग चकत्यांवर नक्षी आली, अक्षरे आली. 1880 च्या सुमारास चिकणमातीत लाख कालवून, साच्यात दाबून चकत्या करण्याचे कारखाने निघाले. पुढे त्यांच्या कडेला निराळ्या रंगाच्या मातीचे ठिपके दाबून बसवू लागले. तो रंग वरून फासलेला नसतो, अंगात मुरलेला असतो, म्हणून त्याची नक्कल सहजासहजी होत नाही. हे वाचले तेव्हा मला अळित्याचा तो ठिपका आठवून हसू आले. आणि गंमत पुढेच आहे. ही लाख त्या काळी जगाला मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूरच्या रानात पळसा-कुसुंबाच्या डहाळ्यांवरून खरवडलेली लाख चपडा होऊन कलकत्त्याला येई आणि तिथून जहाजात चढे. तिच्यापासून ग्रामोफोनच्या तबकड्या झाल्या आणि जुगाऱ्यांच्या चकत्याही झाल्या. अळितासुद्धा मूळचा त्याच लाखेच्या रंगाचा.

इंग्रजांच्या घरगुती डावाची तऱ्हा आणखी वेगळी. अठराव्या शतकात तिथली बडी घराणी आपल्या कुलचिन्हाचे चित्र चीनमधल्या कँटनला पाठवीत आणि तिथले कारागीर शिंपल्याच्या मोत्या-रंगी पातळ पत्र्यांवर ते कोरून देत. गोल, लांबट आणि माशाच्या आकाराच्या अशा त्या सोंगट्या असत. जेन ऑस्टिनच्या 1813 च्या कादंबरीत लिडिया नावाची अल्लड मुलगी आपण किती मासे हरलो नि किती जिंकलो हे घरी येऊन भडाभडा सांगते, ते मासे हेच.

आपल्याकडे कवड्या होत्या. त्या खरोखरच चलनही होत्या, म्हणून तर ‘कवडीमोल’ हा शब्द आला. त्याही मागे गेले तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला जुगारी बेहड्याच्या फळांनी खेळतो आणि घरदार घालवून बसतो. धर्मराजाला तर पण मांडायला कवडीही लागली नाही. त्याने रत्ने, राज्य, भाऊ, बायको, सारे नुसत्या तोंडाने मांडले.

मला चकतीची भीती वाटते ती याच जागी. शंभराची नोट पुढे सरकवताना हात क्षणभर अडखळतो. चकती सरकवताना तो अडखळत नाही. 1931 साली नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला, आणि मग तिथल्या मोठमोठ्या जुगारघरांत नोटांऐवजी चकत्याच फिरू लागल्या. सोय तर खरीच, पण हाताला पैशाची ओळख राहू नये हीही एक सोयच म्हणायची. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मामा, आपण एक-दोन रुपयांनी खेळणार आहोत.” असो.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जुन्या घरगुती संचांत पांढरी, तांबडी आणि निळी असे तीनच रंग असत. निळी सर्वांत मोलाची, त्यावरूनच भक्कम कंपन्यांच्या शेअरांना ‘ब्लू चिप’ म्हणू लागले. पांढरी एक रुपयाची, तांबडी पाचाची, निळी दहाची. माणशी पंचवीस पांढऱ्या, दहा तांबड्या, पाच निळ्या दिल्या की चाळीस चकत्यांत सव्वाशे रुपये होतात. सात माणसांना दोनशे ऐंशी चकत्या लागतात. तेव्हा तीनशेंचा संच पुरे. पाचशेंच्या पेटीची ऐट कशाला? ज्यांवर पंचवीस, शंभर असे आकडे छापलेले होते त्या मी नको म्हटल्या. रुपया-दोन रुपयांच्या डावात शंभराचा आकडा पोरांच्या डोळ्यांसमोर कशाला नाचवायचा? वजनाचाही घोळ असतो. साडेअकरा ग्रॅमची चकती म्हणजे अस्सल, असे भाचा म्हणत होता. पण त्या प्लॅस्टिकच्या चकतीच्या पोटात वजनासाठी लोखंडाचा तुकडा घातलेला असतो; जुगारघरांतली अस्सल मातीची चकती साधारण आठ ते दहा ग्रॅमच भरते. अखेर त्याने लोखंडाचीच घेतली. मातीची महाग होती.

पाडव्याला डाव बसला. आजी जाऊन बरीच वर्षे झाली, म्हणून पेढी माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे भाच्याच्या आईकडे. ते दूरचे काका आता ऐंशीच्या घरात आहेत. काठी टेकत तेही आले, तासभर खेळले आणि सदतीस रुपये हरले. रात्री डाव मोडल्यावर ताईने चकत्या मोजल्या, त्या तीनशेच्या तीनशे भरल्या. काका म्हणाले, “आण इकडे, मी एकदा मोजतो.” त्यांनी दहा-दहाच्या चवडी लावल्या, बोटाने एकेक चवड सारखी केली आणि पेटी ताईच्या हाती देत म्हणाले, “बरोबर आहेत हो.”