वायफाय लागत का नव्हतं?

परवा शनिवारी काहीच काम नव्हतं, म्हणून लिनक्स कर्नलमधला 'बी४३' नावाचा ड्रायव्हर वाचत बसलो. (लोक शनिवारी सिनेमाला जातात, ठाऊक आहे मला.) त्यात एक एरर मेसेज आहे, ज्याने कित्येकांचा घाम काढलाय... फर्मवेअरची फाइल सापडली नाही! २००५-०६ सालचा लॅपटॉप, आत ब्रॉडकॉमची बीसीएम४३१८ चिप, आणि त्यावर डेबियन टाकलं की हा मेसेज हमखास येणार. एलएसपीसीआय कमांडला कार्ड दिसतं, ड्रायव्हरही लोड होतो, पण नेटवर्क शोधायला सांगावं तर शुकशुकाट. आणि माणसाला वाटतं, चूक आपलीच.

तर मंडळी, चूक त्याची नव्हती.

वायफाय कार्डाला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा ड्रायव्हर, आणि दुसरी, चिपच्या आतल्या छोट्या प्रोसेसरवर चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर. या कार्डांवर फर्मवेअर कायमचं साठवलेलं नसतं, कार्ड सुरू करताना ड्रायव्हरने ते चिपमध्ये भरायचं. ब्रॉडकॉमने लिनक्सवाल्यांना चिपची माहितीही दिली नाही आणि फर्मवेअर वाटायची परवानगीही नाही. चिप बनवणाऱ्यांचं नेहमीचं कारण असायचं रेडिओचे नियम. फ्रीक्वेन्सी आणि पॉवर सॉफ्टवेअरमधून बदलता येते, कोणी मर्यादा ओलांडली तर जबाबदार कोण? कारण अगदीच खोटं नाही. पण दार बंद ठेवायला सोयीचं मात्र होतं.

गंमत म्हणजे त्याच काळात ब्रॉडकॉमच्या चिप्स लिनक्सवर मजेत चालत होत्या! लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस आला. त्यात लिनक्स आहे आणि जीपीएल लायसन्सप्रमाणे सोर्स कोड दिलेला नाही, हे अँड्र्यू मिक्लास याने जून २००३ मध्ये जाहीरपणे मांडलं. बोंबाबोंब झाली, कोड बाहेर आला, आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. वायफायचा ड्रायव्हर मात्र त्या कोडमध्येही नुसता बायनरी. म्हणजे घर दाखवलं, पण तिजोरीची खोली बंदच.

मग जुगाड आला. पोंटस फुक्सने सुरू केलेला एनडीआयएसरॅपर. हा चक्क विंडोजचा ड्रायव्हर उचलून लिनक्स कर्नलच्या आत चालवायचा, आणि त्या ड्रायव्हरला वाटायचं की आपण विंडोजवरच आहोत :-) हजारो लोकांचं काम भागलं. पण विंडोजचा ड्रायव्हर इंटेलच्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठीच असायचा. ॲपलच्या पॉवरपीसी लॅपटॉपमध्येही चिप ब्रॉडकॉमचीच, तिथे हा जुगाड शून्य कामाचा.

खरं काम केलं ते रिव्हर्स इंजिनिअरिंगवाल्यांनी, आणि तेही सोवळं पाळून. एका गटाने बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते एवढंच साध्या शब्दांत लिहायचं. दुसऱ्या गटाने ते वर्णन वाचूनच नवा कोड लिहायचा, मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही बघायचं नाही. कोर्टात उद्या कोणी 'चोरी' म्हणायला नको. (आयबीएम पीसीचा बायॉस फिनिक्सने १९८० च्या दशकात असाच नव्याने लिहिला होता.) असा तयार झालेला 'बीसीएम४३एक्सएक्स' जून २००६ मध्ये कर्नल २.६.१७ मध्ये आला. त्याचाच पुढचा अवतार बी४३, जानेवारी २००८ चा.

मधल्या काळात, एप्रिल २००७ मध्ये, एक वाईट भांडण झालं. ओपनबीएसडीच्या ड्रायव्हरमध्ये आपला जीपीएल कोड उचललाय, असं मायकेल ब्यूशने चारचौघांत सांगितलं. आधी खाजगीत का नाही बोललास, म्हणून थिओ डी राट खवळला. शेवटी तो ड्रायव्हरच काढून टाकला गेला. मला विचाराल तर ब्यूशचं म्हणणं बरोबर होतं. ज्यांनी इतकं सोवळं पाळलं त्यांना दुसऱ्याने लायसन्स पुसून कोड घेतलेला कसा चालेल? पण पद्धत चुकली. एकाच बंद दारावर धडका मारणारे दोघं आपसातच भांडले, आणि दार बंद करणारा आरामात!

सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच खुला ड्रायव्हर दिला. त्याआधी २००८ मध्ये अथेरॉसने दिला होता, त्याचाही दबाव असणारच. पण तो ड्रायव्हर तेव्हाच्या नव्या चिप्सपुरता. जुन्या बीसीएम४३१८ च्या नशिबी बी४३च.

आणि फर्मवेअर? ते वाटायची परवानगी नाहीच, म्हणून डेबियनचं एक पॅकेज ब्रॉडकॉमचा जुना ड्रायव्हर डाउनलोड करतं आणि 'एफडब्ल्यूकटर' नावाच्या अवजाराने त्यातून फर्मवेअर कापून काढतं. दोन मिनिटांचं काम. फक्त ते डाउनलोड करायला इंटरनेट लागतं, तेव्हा आधी नेटवर्कची केबल शोधून ठेवा.