मेथडिस्ट मंडळी : भंडारा व वैनगंगेचा परिसर

मेथडिस्ट मंडळी : जॉन वेस्ली (१७०३–९१) या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या चळवळीतून निघालेल्या प्रॉटेस्टंट पंथाचा स्थानिक उपासक समुदाय. एक पाळक, एक उपासनागृह (ते नसेल तर कुणाच्या तरी घराची पडवी) आणि पटावर नावे असलेली काही कुटुंबे, एवढ्यावर मंडळी होते. भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती फार विरळ आणि त्यात मेथडिस्ट आणखी थोडे. अशा विषयाची नोंद लिहिताना शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांची यादी देऊन मोकळे होण्याचा मोह पडतो, कारण ‘मिशन’ म्हटले की विदर्भात लोकांना तेच आठवते. पण संस्था पगारी माणसांनी चालवल्या आणि पैसा आटला तशा त्या ओसरल्या. मंडळ्या टिकल्या त्या बिनपगारी माणसांच्या जोरावर. मेथडिस्ट व्यवस्थेत स्वयंसेवा म्हणजे उपासनेनंतर उरलेल्या वेळात करायचे पुण्यकर्म नव्हे, मंडळीची घडीच तिच्यावर बसवलेली आहे, असे या नोंदीचे प्रतिपादन आहे. मोठ्या शहरातल्या भरलेल्या चर्चपेक्षा वैनगंगेकाठच्या तुरळक वस्तीत ही गोष्ट लवकर लक्षात येते.

जिल्ह्याचा प्रॉटेस्टंट इतिहास मेथडिस्टांपासून सुरू होत नाही, हे आधी नमूद केले पाहिजे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांच्या स्कॉटिश फ्री चर्चचे ठाणे भंडाऱ्यात १८८२ मध्ये उघडले. शिक्षण आणि औषधोपचार ही त्या मिशनची मुख्य कामे. स्कॉटिश परंपरेच्या मंडळ्या १९२४ मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त आणि पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झालेल्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त गेल्या. त्या ऐक्यात ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट सामील झाले. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी अनेक वर्षे वाटाघाटी केल्या आणि ऐन वेळी पाऊल मागे घेतले. त्यांचेच चर्च १९८१ मध्ये स्वायत्त होऊन ‘मेथडिस्ट चर्च इन इंडिया’ झाले. त्यामुळे आज या भागात मेथडिस्ट म्हणजे ही अमेरिकन शाखा. तिचे भारतातले काम विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये उत्तरेत सुरू केले होते, पण मराठी मुलुखात ती आली दुसऱ्या वाटेने. १८७० मध्ये विल्यम टेलर हा फिरता प्रचारक भारतात आला, पुढच्या वर्षी मुंबईत त्याने घरोघर सभा भरवल्या, आणि तिथून हे काम छावण्या व रेल्वेच्या गावांकडे सरकले. कामठी, नागपूर आणि रेल्वेचे जंक्शन असलेले गोंदिया ही या भागातली या कामाची ठिकाणे. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. जुन्या कागदपत्रांत भंडाऱ्याच्या नावाने आलेले बरेचसे मेथडिस्ट उल्लेख त्यामुळे आजच्या नकाशावर गोंदियात शोधावे लागतात.

स्वयंसेवेवर मंडळी उभी असते म्हणजे काय, हे समजण्यासाठी ब्रिस्टलपर्यंत मागे जावे लागते. १७४२ मध्ये तिथल्या उपासनागृहावरचे कर्ज फेडायचे होते. दर सदस्याने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले. सगळ्यांना तेवढी ऐपत नाही, अशी शंका निघाली, तेव्हा कॅप्टन फॉय नावाच्या सदस्याने सुचवले की अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. वसुलीसाठी घरी जाणाऱ्याला आजारपण दिसू लागले, दारू दिसू लागली, रिकामी चूल दिसू लागली. वेस्लींना या फेऱ्यांचे मोल पैशापेक्षा मोठे वाटले आणि बारा-बारा जणांचा ‘वर्ग’ हा सगळ्या चळवळीचा पाया ठरला. वर्गाचा पुढारी पाळक नसे. तो चांभार असे, खाणकामगार असे, अनेकदा बाई असे. १७४३ च्या सामान्य नियमांत अपकार न करणे, उपकार करणे आणि उपासनेचे विधी पाळणे हे तीन भाग आहेत, आणि दुसऱ्यात भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची व कैद्याची भेट असा सरळ तपशील आहे. १७४६ मध्ये लंडनमध्ये मोफत औषधे आणि गरजूंना छोटी कर्जे देणारा निधी सुरू झाला. थोडक्यात, हिशेबातून भेट आणि भेटीतून सेवा निघाली. कर्जवसुलीच्या युक्तीतून अध्यात्माची पद्धत जन्माला यावी, ही गोष्ट बचतगटांच्या महाराष्ट्रात फारशी अनोखी वाटू नये.

मंडळी स्वयंसेवेवर उभी असण्याचे एक कारण या उगमात आहे, दुसरे पाळकांच्या बदलीचे. मेथडिस्ट पाळकाला मंडळी निवडत नाही. बिशप त्याची नेमणूक करतात, प्रादेशिक परिषदेच्या अखेरीस नेमणुकांची यादी वाचली जाते आणि काही वर्षांनी बदली ठरलेली असते. मालमत्ताही मंडळीच्या नावावर नसते, ती चर्चच्या विश्वस्त संस्थेकडे असते. पाळक पाहुणा आणि इमारत दुसऱ्याच्या नावावर, तर मग गावात कायम राहते कोण? खजिनदार, संडे स्कूलची शिक्षिका, पाळक बाहेरगावी असेल त्या रविवारी उपदेश करणारा स्थानिक उपदेशक, महिला समाजाची चिटणीस, तरुण संघाची पोरे. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणत्या विधवेचे पेन्शनचे कागद अडले आहेत, कोणता मुलगा शाळा सोडून कामाला लागला आहे, हे नव्या पाळकाला सांगणारी माणसे हीच. शहरात एखादा पगारी सेवक ठेवता येतो. लहान मंडळीला ते परवडत नाही, म्हणून तिथे ही कामे वाटली जातात आणि वर्षानुवर्षे त्याच त्याच घरांकडे राहतात.

या वाटपाचे रूप धानाची कापणी आटोपल्यावर हंगामाच्या उपासनेत जवळून पाहता येते. वेदीसमोर नव्या धानाचे तांदूळ, लाखोळी, जवस, परसातला कोहळा, वांगी, अंडी, क्वचित पाय बांधलेला कोंबडा येऊन पडतो. उपासना संपली की दाराबाहेर लिलाव पुकारला जातो. बाजारात ज्याच्याकडे कुणी वळून पाहणार नाही अशा कोहळ्यावर बोली चढत जाते, घेणारा पैसे मोजतो आणि कोहळा पुन्हा मेजावर ठेवतो, आणि तो दुसऱ्यांदा विकला जातो. ज्याच्याकडे रोकड नाही त्याने पिकवलेले आणले, ज्याच्याकडे शेत नाही त्याने रोकड दिली, आणि दोघांचीही नावे खजिनदाराच्या वहीत एकाच पानावर आली. नाताळच्या प्रीतिभोजनात तेच होते: तांदूळ एकाचा, डेग दुसऱ्याचा, चुलीपुढे बसणारे तिसरेच. सर्वांत अवघड सेवा मात्र मयताची. ख्रिस्ती घरे चार ठिकाणी विखुरलेली असली की शवपेटी, खड्डा, दफनभूमीतले गवत आणि मध्यरात्री दिले जाणारे निरोप या सगळ्याचा भार मंडळीतल्या तरुणांवर येतो. या सेवेचा फोटो कुणी काढत नाही. उपासनेचा पोतही स्थानिकच आहे. पेटी-तबल्यावर रे. ना. वा. टिळकांची पदे म्हणणारी मंडळी आणि ३१ डिसेंबरच्या रात्री जागरणाची प्रार्थना करणारी मंडळी एकच. पहिले मराठी देणे, दुसरे वेस्लीच्या काळापासूनचे.

या प्रतिपादनावर पहिला आक्षेप असा की हे सगळे परदेशी पैशावर चालले, मग स्वयंसेवेचे कौतुक कशाला? संस्थांपुरता आक्षेप बराचसा खरा आहे. टेलर यांचा आग्रह स्वावलंबी चर्चचा होता. मिशन मंडळाचा पैसा न घेता स्थानिक वर्गणीवर पाळक पोसावा, असे त्यांचे म्हणणे. पण त्यांच्या सभांना आलेली माणसे बहुतेक इंग्रजी बोलणारी, पगारदार होती. पुढे काम गरीब मराठी आणि हिंदी भाषकांत गेले तेव्हा ते तत्त्व झेपेनासे झाले आणि प्रचारक, शिक्षक, ‘बायबल वुमन’ (घरोघर जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रिया) मिशनच्या पगारावर आले. तो पगारही मोठ्या देणगीदारांचाच होता असे नाही. १८६९ मध्ये बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मेथडिस्ट स्त्रियांच्या मिशन संस्थेने आठवड्याला दोन सेंट या दराने वर्गणी गोळा केली, आणि शिक्षिका इझाबेला थोबर्न व डॉ. क्लारा स्वेन यांना भारतात पाठवले. तरीही पगारामुळे एक नुकसान झाले: सेवा हे मिशनचे काम आणि आपण तिचे लाभार्थी, अशी सवय मंडळ्यांना लागली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले आणि १९७६ च्या परकीय योगदान कायद्याने बाहेरच्या पैशावर निर्बंध आले, तेव्हा ही सवय मोडावी लागली. जिथे वर्गणी, भेटी आणि वाटून घेतलेली कामे पूर्वीपासून होती, तिथे हा बदल कमी जाचला, असे मानण्यास जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: सेवा हे धर्मांतराचे आमिष असते. भंडारा मध्य प्रदेशात असतानाच, १९५४ मध्ये, त्या राज्याच्या सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. वैद्यकीय व इतर सेवा धर्मांतराचे साधन म्हणून वापरण्यास कायद्याने बंदी घालावी, अशी तिची एक शिफारस होती. चर्चने अहवालाच्या पद्धतीवर टीका केली आणि ती अनाठायी नव्हती, पण प्रश्न टीकेने संपत नाही. उपचार हवा असलेला रुग्ण आणि उपचार देणारा प्रचारक यांची पायरी सारखी नसते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र या आक्षेपाचा रोख ज्या गोष्टींवर आहे त्या, म्हणजे परदेशी निधी, पगारी प्रचारक आणि संस्थेवर अवलंबून असलेला गरजू, स्थानिक मंडळीच्या बिनपगारी कामात जवळजवळ नसतात. तुटपुंज्या वर्गणीतून शेजाऱ्याच्या दवाखान्याच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या मंडळीकडे आमिष दाखवण्याइतके काही नसतेच. सेवेत धर्मविचार नसतो असा दावा कुणी करू नये, तो असतो आणि मेथडिस्ट तो लपवतही नाहीत. पण मदतीला अट आहे का, एवढी कसोटी पुरेशी आहे, आणि ती मठ, मशीद, विहार आणि पक्ष कार्यालय यांच्या सेवेलाही लावता येईल.

तिसरा आक्षेप आतून येतो: ही मंडळी स्वतःच्याच माणसांचे करते. हेही अर्धे खरे. वेस्लींच्या नियमांतच उपकार सर्वांवर, पण विशेषतः विश्वासातल्या लोकांवर, असा क्रम आहे. अल्पसंख्य समाजात तो क्रम आणखी घट्ट होतो. त्यात नातेसंबंध आणि बाप्तिस्म्यापूर्वीची जात यांची छाया पडते, आणि समितीच्या निवडणुका, जमिनीचे वाद, कोर्टकचेऱ्या यांत चांगल्या माणसांची उमेद जाते. हे दोष झाकून या मंडळ्यांचे चित्र रंगवणे बरोबर नाही. परंतु स्वतःच्या माणसांचे करणे ही क्षुद्र गोष्ट मानली तर भिशी, भाऊबंदकी आणि ग्रामसभा यांतली सारी परस्पर मदतही क्षुद्र ठरेल. शिवाय रेल्वे, मँगनीजच्या खाणी आणि जवाहरनगरची आयुधनिर्माणी यांच्यामुळे या पट्ट्यात बदलीवर येणारी कुटुंबे असतात. त्यांची भाषा वेगळी, कधी पंथही वेगळा. मेथडिस्ट आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया यांच्यातली १९७० ची फारकत राष्ट्रीय पातळीवर अजून मिटलेली नाही, पण एकेका गावात मयत, नाताळ आणि लग्न या तीन प्रसंगी ती पाळायला पुरेशी माणसेच नसतात.

जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात या मंडळ्यांना जागा कमी मिळाली, याचे एक कारण साधनांत आहे. मिशनचे छापील अहवाल देणगीदारांसाठी लिहिले जात. त्यांत इमारती, रुग्ण आणि बाप्तिस्मे यांची मोजदाद असे, घंटा वाजवणारा आणि वर्गणी गोळा करणारी बाई नसत. त्यांची नावे सापडतील ती बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांत, महिला समाजाच्या इतिवृत्तांत आणि खजिनदारांच्या जमाखर्चात. असे कागद बहुधा पाळकाच्या घरातल्या कपाटात पडून असतात आणि प्रत्येक बदलीच्या वेळी त्यांतले काही गहाळ होण्याचा धोका असतो. ज्या मंडळ्यांकडे ते आहेत त्यांनी निदान छायाचित्रे काढून त्यांची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात किंवा नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयात ठेवावी, आणि भंडाऱ्यावर लिहिणाऱ्याने दप्तरखान्याबरोबर तीही चाळावी.